पुढचा भाग येईपर्यंत

काशीच्या घाटांची रांग दक्षिणेकडून उत्तरेकडे पाहत गेले, म्हणजे मणिकर्णिका आणि शिंदे घाट मागे टाकल्यावर थोड्याच अंतरावर एक उंच, भक्कम आणि काहीसा अबोल असा दगडी वाडा समोर उभा राहतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा भोसले घाट. खालच्या पायरीवर उभे राहून वर पाहिले, तर भिंत सरळ आकाशात चढत जाते. खिडक्या आहेत, पण त्या अगदी वर, आणि आकाराने लहान. लक्ष्मीनारायणाचे देवालय आणि यमेश्वर व यमादित्य यांची स्थाने येथे असल्यामुळे भाविकांची पावले इकडे वळतात, आणि हात जोडून रामघाट-पंचगंगेकडे निघून जातात. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात महाराष्ट्रातून आलेली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. घरात मराठी, पाठशाळेत संस्कृत आणि गल्लीत बनारसी बोली, असा त्यांचा तिहेरी व्यवहार.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या नगरीत एक नवीच आतुरता जन्मास आली. तिचा संबंध देवदर्शनाशी नव्हता की ग्रहणाच्या पर्वकाळाशी नव्हता. ती आतुरता होती एका कादंबरीच्या पुढच्या भागाची. ज्या वाचकाला एक भाग वाचून संपल्यावर दुसरा मिळेपर्यंत चैन पडत नाही, जो मधल्या काळात पात्रांच्या भवितव्याविषयी तर्क लढवतो, मित्रांशी पैजा मारतो आणि लेखकावर रागावतो, तो वाचक आजच्या युगाचा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गंगेच्या काठी नांदत होता.

ती कादंबरी म्हणजे देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’. खत्रींचा जन्म १८६१ सालचा, बिहारातला. पण त्यांची कर्मभूमी काशी. काशीनरेशांच्या राज्यातील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांनी काही काळ घेतला होता. त्या निमित्ताने विंध्याच्या त्या रानात, दऱ्याखोऱ्यांत आणि ओसाड गढ्यांत त्यांची भटकंती झाली. लाकडाचा हिशेब करता करता त्यांच्या मनात एका निराळ्याच मालाची साठवण होत गेली. १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ वाचकांपुढे आली. तिचे भाग चार. त्यांनी वाचकांची भूक भागण्याऐवजी वाढली, आणि म्हणून ‘चंद्रकांता संतति’ सुरू झाली. तिचे भाग चोवीस. ते एकामागून एक असे काही वर्षे निघत राहिले. १८९८ साली खत्रींनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला.

कथेचा आरंभ साधा आहे. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे परस्परांवर प्रेम आहे. विजयगढच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह याला तीच राजकन्या हवी आहे. आणि तो चुनारच्या शिवदत्ताला जाऊन मिळतो. एवढ्या सामग्रीवर एखाद्या सामान्य लेखकाने शंभर पाने लिहून नायक-नायिकेचे लग्न लावून टाकले असते. खत्रींनी मात्र या कथेत दोन गोष्टी अशा आणल्या की तिचा विस्तार थांबेना. एक ऐयार आणि दुसरी तिलिस्म.

ऐयार म्हणजे राजाच्या पदरी असणारा बहुरूपी हेर. वेष पालटणे, आवाज बदलणे, दौड मारणे, औषधींची माहिती असणे, या सर्व विद्या त्याला अवगत. त्याच्या खांद्यावर बटवा असतो. त्यात शत्रूला बेशुद्ध करण्याची पूड असते आणि शुद्धीवर आणण्यासाठी हुंगवावयाचा लखलखा असतो; कमरेला भिंती चढून जाण्याची कमंद असते. तेजसिंह, देवीसिंह, चपला ही नावे त्या काळी उत्तर हिंदुस्थानात घरोघर ठाऊक होती. तिलिस्म म्हणजे पूर्वीच्या एखाद्या राजाने आपले अपार धन योग्य वारसाच्याच हाती पडावे म्हणून रचून ठेवलेली गूढ वास्तू. तिच्यात दगडी बगळा जिवंत माणसाला गिळतो, पुतळे जागचे हलतात, पायाखालची फरशी सरकते आणि माणूस तळघरात जाऊन पडतो. ज्याच्या नावाने ती वास्तू बांधली असेल, त्यालाच तिचे कोडे सोडवता येते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अद्‌भुत कथा आपल्याकडे नव्या नव्हत्या. उर्दूत ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे प्रचंड ग्रंथ लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून बाहेर पडू लागले होते. मराठीतही लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, आणि पाठोपाठ नारो सदाशिव रिसबुड यांची ‘मंजुघोषा’. परंतु जुन्या दास्तानांतील जादूला सीमा नव्हती. जादूगाराने मंत्र म्हटला की डोंगर उडे, आणि दुसऱ्याने प्रतिमंत्र म्हटला की तो जागेवर येई. अशा जगात वाचकाने तर्क तो काय करावयाचा? खत्रींनी जादू काढून टाकली आणि तिच्या जागी यंत्र बसवले. त्यांचा बगळा गिळतो तो आतल्या कळीमुळे. पुतळा हलतो तो चाकांच्या जोरावर. ‘संतति’मधला तिलिस्मी खंजीर प्रसिद्धच आहे. त्याची मूठ दाबली की डोळे दिपवणारा प्रकाश पडतो, आणि त्याचा स्पर्श झालेला माणूस झटका बसून कोसळतो. मात्र त्याच धातूची जोडीची अंगठी ज्याच्या बोटात आहे, त्याला काही होत नाही. अद्‌भुताला असा नियम लागला, की वाचकाला विचार करावयास जागा मिळते. अंगठी कोणाच्या बोटात आहे, हे ज्याने लक्षात ठेवले, त्याला पुढच्या प्रसंगाचा अंदाज बांधता येतो. कथा ऐकणारा होता, तो आता कथेचा परीक्षक झाला.

असा एक वाचक कल्पनेने डोळ्यांसमोर उभा करणे अवघड नाही. सोळा-सतरा वर्षांचा एक महाराष्ट्रीय मुलगा. घर भोसले घाटाच्या मागल्या गल्लीत, वडिलांची वृत्ती पौरोहित्याची. उर्दू जाणणाऱ्यांना ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी लिपीपासून सुरुवात करावी लागली. याला ती अडचण नव्हती. बाळबोध लिपी घरचीच, आणि हिंदी कानांवर पडून पडून आपली झालेली. कोणाकडून तरी दोन दिवसांच्या बोलीने ‘संतति’चा एक भाग त्याला मिळतो. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून तो वाचू लागतो. त्याच्या भोवती आणखी चार जण जमतात, कारण पुस्तक एकाच्या हाती आणि कान अनेकांचे, अशीच त्या काळच्या वाचनाची रीत होती. उजेड मावळेपर्यंत भाग संपतो. आणि तो संपतो कोठे? कोणीतरी अंधाऱ्या कोठडीत सापडले आहे, दार बाहेरून बंद झाले आहे, आणि लेखक मात्र त्याला तसेच ठेवून दुसऱ्याच पात्राची हकीकत सांगावयास निघून गेला आहे.

या वाचकाची पहिली प्रतिक्रिया रागाची असते, आणि तो राग प्रेमाचाच एक प्रकार आहे. लेखकाने आपल्याला फसवले, असे त्याला वाटते. ज्या पात्रासाठी जीव टांगणीला लागला, त्याला असे सोडून जाणे हा त्याच्या लेखी अन्याय असतो. पण घटकाभराने राग ओसरतो आणि तो पुस्तकाची पाने उलटी चाळू लागतो. पहिल्या वाचनात तो कथेच्या मागे धावत होता. आता तो तिच्या पाऊलखुणा शोधू लागतो. अमुक स्त्रीने आपल्या वडिलांचे नाव सांगण्याचे का टाळले? तमुक जण म्हातारा आहे म्हणतो, मग जिना चढताना त्याला धाप कशी लागली नाही? हे दुसरे वाचन कोणत्याही शाळामास्तराने सांगितलेले नसते. पुढच्या भागाच्या उशिराने ते घडवून आणलेले असते.

त्यानंतर भाकिते सुरू होतात. त्यांतली काही सोपी असतात. जमानियाचा राजा गोपालसिंह मरण पावला, असे त्याची राणी मायारानी सर्वांना सांगते. घाटावरचा आपला वाचक मान हलवतो. ज्याचे प्रेत कथेत कोणी नीट पाहिले नाही, तो मेला असे धरून चालू नये, हा नियम त्याने अनुभवाने बसवलेला असतो. आणि पुढे राजा गोपालसिंह खरोखरच जिवंत निघतो. काही भाकिते अधिक अवघड. कमलिनीच्या सोबत राहणारी तारा कोण? ती नुसती सखी असेल, तर तिच्या दुःखावर लेखकाने इतकी शाई का खर्च करावी? तिच्यामागे काहीतरी आहे, एवढे वाचक ओळखतो; पण खरी लक्ष्मीदेवी, म्हणजे गोपालसिंहाशी जिचा विवाह ठरला होता ती वधू, हीच असून जिला सगळे राणी म्हणतात ती मायारानी तिच्या जागी कपटाने बसलेली आहे, येथपर्यंत त्याची मजल जात नाही. पुढचा भाग वाचताना तो थक्क होतो, आणि लगेच म्हणतो, “अरे, हे तर ओळखता आले असते!” आपण चुकलो याचे त्याला वाईट वाटत नाही. आपल्याला ओळखता आले असते इतक्या खुणा लेखकाने ठेवल्या होत्या, याचाच त्याला आनंद होतो.

या सर्व तर्कांत एक तर्क मात्र निराळ्या जातीचा होता. तो भूतनाथाविषयीचा.

भूतनाथ हा ‘संतति’मधील सर्वांत विलक्षण ऐयार. बुद्धीने तीक्ष्ण, हाताने चलाख, धाडसाला सीमा नाही. तो वीरेंद्रसिंहाच्या पक्षाची मोठी कामे करून देतो. परंतु त्याच्या मागे एक काळोखा भूतकाळ आहे. काही जुनी कागदपत्रे कोणाच्या तरी हाती आहेत, आणि त्यांचा नुसता उल्लेख झाला, तरी या शूर माणसाचे हातपाय गळतात. त्याला नाव मिळवावयाचे आहे, आणि ज्या हातांनी ते मिळवावयाचे ते हात स्वच्छ नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. इतर पात्रे एक तर राजपुत्राच्या बाजूची आहेत, नाही तर शत्रूच्या. भूतनाथ मात्र दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर उभा आहे.

पायऱ्यांवर बसलेल्या त्या मंडळींत याच्यावरून दोन तट पडले असतील, यात नवल नाही. संध्या आटोपून वर निघालेले एखादे वृद्ध शास्त्रीबुवा थांबून दटावतात, “काय रे, अमरकोश पाठ करावयाचा सोडून हे काय चालवले आहेस?” मुलगा पुस्तक पाठीमागे लपवतो, पण त्याच्याने राहवत नाही. “शास्त्रीबुवा,” तो म्हणतो, “ज्याने पूर्वी पाप केले आणि आता तो जिवावर उदार होऊन चांगले काम करतो आहे, त्याला अपराधी म्हणावयाचे का हो?” शास्त्रीबुवा तोंड उघडतात आणि थांबतात. मग खालच्या स्वरात विचारतात, “पाप कसले? जाणून केलेले, की अजाणता?” आणि पाहता पाहता तेही पायरीवर बसतात.

हे कल्पनेतले संभाषण असले, तरी त्यातला प्रश्न कल्पनेतला नाही. बंद दार कोण उघडणार, वेषांतर केलेला कोण, ही कोडी बुद्धीने सुटतात. भूतनाथ कसा निघेल, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मात्र वाचकाला स्वतःच्या मनाचा कौल घ्यावा लागतो. जो म्हणतो की तो निर्दोष ठरेल, त्याचा माणसावर विश्वास आहे. जो म्हणतो की तो दगा देईल, त्याने कोठे तरी दगा खाल्लेला आहे. भाकीत कथेचे असते. पण त्यात उमटतो तो भाकीत करणारा. पुढच्या भागाची वाट पाहण्यात जे खरे मोल आहे, ते येथे आहे. पुस्तक एका बैठकीत संपले, तर लेखकाचा निवाडा हाच वाचकाचा निवाडा होऊन जातो. मध्ये महिना-दोन महिने गेले, तर तेवढ्या काळापुरता न्यायासनावर वाचक बसतो.

खत्रींना आपल्या वाचकाची ही अवस्था पुरती ठाऊक होती. ‘संतति’ मोठ्या भूतनाथ-प्रकरणाने शेवटास गेली. त्याच्यावरचे आरोप उघड झाले. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला बलभद्रसिंह हाच तोतया निघाला. राजदरबारी त्याचा निवाडा होऊन त्याला क्षमा मिळाली. पण खरे काय घडले होते, हे भूतनाथाने आपल्या जीवनकथेत लिहून द्यावे असे ठरले, आणि वाचकांची प्रतीक्षा नव्याने सुरू झाली. त्या कथेसाठी खत्रींनी ‘भूतनाथ’ ही स्वतंत्र कादंबरी हाती घेतली.

‘संतति’च्या अखेरीस खत्रींनी आपल्या टीकाकारांनाही उत्तर दिले आहे. ही कथा संभवनीय की असंभवनीय, असा वाद काही मित्रांनी वर्तमानपत्रांतून उपस्थित केला होता. खत्रींचे म्हणणे असे, की पंचतंत्र आणि हितोपदेश जसे मुलांच्या शिक्षणासाठी रचले गेले, तशी ही कथा लोकांच्या मनोविनोदासाठी आहे; तिच्यातील माणसे आणि स्थळे कोणी ऐतिहासिक समजेल, तर ती मोठी चूक होईल. उत्तर नम्र आहे, आणि पूर्णपणे खरे नाही. कारण नौगढ, विजयगढ, चुनार, रोहतासगढ, जमानिया ही गावे आणि गढ्या नकाशावर आहेत. काशीच्या घाटांना लागलेला दगड बहुतांशी चुनारच्या खाणींतला. भोसले घाटावर बसून चुनारच्या तिलिस्माची कथा वाचणारा मुलगा तिलिस्माच्याच दगडाला टेकून बसला होता, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाही. वरची ती लहान खिडकी संध्याकाळी त्याला निराळी दिसली असेल, तर दोष त्याचा नाही.

विद्वानांनी या वाचनाकडे दोन दृष्टींनी पाहिले. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत स्थान देण्याचे नाकारले. यांत घटनांचे वैचित्र्य आहे, भावनांचा परिपोष किंवा स्वभावचित्रण नाही, असे त्यांचे मत. परंतु त्याच ठिकाणी त्यांनी हेही मान्य केले, की हिंदीला जितके वाचक देवकीनंदन खत्रींनी मिळवून दिले, तितके दुसऱ्या कोणत्याही ग्रंथकाराने दिले नाहीत; कितीतरी उर्दू जाणणारे लोक केवळ ‘चंद्रकांता’साठी हिंदी शिकले, आणि पुढे इतर ग्रंथांकडेही वळले. एवढ्या मोठ्या समीक्षकाने एका हाताने नाकारावे आणि दुसऱ्या हाताने द्यावे, हे त्या कादंबरीचे भाग्यच म्हणावयाचे. पण नाकारलेल्या भागाविषयी थोडे बोलावयास हवे. भूतनाथासारखे पात्र ज्याने निर्माण केले, त्याला स्वभाव कळत नव्हता असे म्हणता येणार नाही. त्याने स्वभाव वर्णनातून दाखवला नाही. तो अंधारात ठेवला, आणि ओळखण्याचे काम वाचकाकडे सोपवले.

अद्‌भुताच्या वाचनाने मनुष्य वास्तवाला पारखा होतो, अशीही एक समजूत आहे. तिला काशीच्याच परिसरातून उत्तर मिळते. काशीजवळच्या लमही गावी १८८० साली जन्मलेले प्रेमचंद लहानपणी गोरखपूरला शिकत असताना उर्दूतील तिलिस्मी कथांचे असेच वेडे वाचक होते. विकत घेण्यास पैसे नसत. म्हणून एका पुस्तक-विक्रेत्याकडून इंग्रजी पुस्तकांच्या किल्ल्या घेऊन त्या ते शाळेतल्या मुलांना विकत, आणि त्याच्या मोबदल्यात दुकानातल्या कादंबऱ्या घरी आणून वाचत, अशी हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ‘होशरुबा’चे भागही त्यांनी याच वयात वाचले. हाच मुलगा पुढे ‘गोदान’चा लेखक झाला. तिलिस्मात हरवून गेलेला वाचक शेतकऱ्याच्या झोपडीपर्यंत पोहोचू शकतो, त्याला वाट सापडते.

मराठी वाचकाला ही प्रतीक्षा निराळ्या मार्गाने परिचयाची झाली. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली. तेथे तिलिस्म नव्हते, ऐयार नव्हते. होते ते माजघर, आणि त्यात कोंडलेली यमू. पण आठवड्या-आठवड्याने वाचणाऱ्याच्या मनाची अवस्था तीच. गंगेकाठी राजपुत्र तळघरातून कसा सुटेल, याची चिंता. मुळा-मुठेकाठी एका मुलीचे पुढे काय होईल, याची. दोन्हीकडे दार बाहेरून बंद होते. पैकी एक दार यंत्राने उघडणारे होते. दुसरे समाजाने उघडावयाचे होते, आणि त्याला वाचकाचाही हात लागणार होता.

‘भूतनाथ’चे सहा भाग लिहून झाले आणि १ ऑगस्ट १९१३ रोजी देवकीनंदन खत्री यांचे निधन झाले. भूतनाथाची जीवनकथा ऐन मध्यावर थांबली. ज्या वाचकांनी वर्षानुवर्षे त्याची बाजू घेतली होती किंवा त्याला दूषण दिले होते, त्यांच्या हाती निकाल आला नाही. मृत्यू हा असा एकच लेखक आहे, की जो पुढचा भाग कधी येणार याची जाहिरात देत नाही.

खत्रींचे चिरंजीव दुर्गाप्रसाद त्या वेळी अठरा वर्षांचे होते. त्यांनी वडिलांची लेखणी उचलली आणि पुढचे पंधरा भाग लिहून एकवीस भागांची ही कथा पुरी केली. या गोष्टीकडे केवळ धंद्याच्या दृष्टीने पाहता येईल. पण आणखी एका दृष्टीनेही पाहावे. दुर्गाप्रसादांचे बालपण ज्या घरात गेले, तेथेच ही कथा रचली जात होती. पुढे काय होणार, हा प्रश्न त्यांच्या घरातलाच होता. घाटावरच्या वाचकाने आपली भाकिते मित्रांपुढे मांडली. या वाचकाला ती कागदावर उतरवावी लागली, कारण सांगणारा उरला नव्हता. एका परीने, पुढच्या भागाची वाट पाहणाऱ्या वाचकानेच अखेर पुढचा भाग लिहिला.

जगात इतरत्रही असेच घडत आले आहे. १८९३ साली कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून दिले, तेव्हा वाचकांनी तो मृत्यू मान्य केला नाही. त्याचे शव कोणी पाहिले नव्हते, हा घाटावरचाच नियम त्यांनी लावला, आणि १९०३ साली होम्स परत आला. अगदी अलीकडे, हॅरी पॉटरच्या कथामालेचा सहावा भाग २००५ च्या जुलैत निघाला आणि सातवा व शेवटचा २००७ च्या जुलैत. मधली दोन वर्षे जगभरची मुले, आणि त्यांत मुंबई-पुण्याची व नागपूरची मराठी मुलेही, एकाच प्रश्नावर भांडत होती. स्नेप नावाचा तो कडवट गुरू खरोखरच दुष्ट आहे, की त्याच्या दुष्टपणाच्या आत काही निराळे दडले आहे? कोणी म्हणे विश्वासघातकी. कोणी म्हणे थांबा, इतक्यात निवाडा करू नका. ती मुले भूतनाथाचे नाव जाणत नव्हती. पण पायरी तीच होती, आणि तंटाही तोच.

१९९४ साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली. मूळ कथेत पुष्कळ फेरफार केलेले होते. तरीही मराठी घरांतून तेजसिंह, क्रूरसिंह ही नावे पुन्हा ऐकू येऊ लागली, आणि पुढच्या रविवारी काय होणार, याचे अंदाज जेवणाच्या पानांवर बांधले जाऊ लागले. आज संपूर्ण कथा एका रात्रीत पाहून संपवण्याची सोय झाली आहे. सोय वाईट नाही. परंतु तिच्यामुळे मधली ती रिकामी जागा नाहीशी होते, आणि त्या जागेतच वाचकाने उलटे वाचन केले होते, खुणा शोधल्या होत्या, मित्राशी वाद घातला होता, एका अपराध्याची बाजू घेतली होती.

पुढच्या भागाविषयी केलेली बहुतेक भाकिते चुकतात. ती चुकली म्हणून काही बिघडत नाही. सर्वच खरी ठरली असती, तर लेखकाची गरज उरली नसती. पण ‘हा माणूस वाईट दिसतो खरा, तरी त्याची सगळी हकीकत अजून समोर आलेली नाही’ असे म्हणावयास जो एकदा शिकला, त्याला ती सवय पुस्तकाबाहेरही उपयोगी पडते. शेजारी, भाऊबंद, मित्र, सहकारी यांच्याविषयी निकाल देताना आपल्यापाशी बहुधा एकच भाग असतो, आणि तोही मध्येच थांबलेला. काशीच्या त्या वाचकांना हे एका ऐयाराने शिकवले. भूतनाथ निर्दोष होता की अपराधी, याचे उत्तर ज्याने त्याने एकवीस भाग वाचून ठरवावे. मात्र घाईने ठरवू नये, एवढेच त्याचे मागणे होते.